नसांची मेस्त्री

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी मुकुटबनच्या बसस्टँडसमोरच्या कुल्फीच्या दुकानात, मलाई आणि मँगोच्या मधोमध, बकऱ्याचा खांदा निघाला. तो तिथं ठेवला होता कपिलनं. कपिल म्हणजे हे सांगणाराच. पण गोष्ट त्याची नाही, डॉक्टर नाजियाची आहे, आणि तिच्यात त्याचं काम आडवा पाय घालण्यापुरतंच आहे. म्हणून इथून पुढं त्यालाही बाहेरच्या माणसासारखं नुसतं कपिल म्हटलेलं बरं.

झालं असं, की सकाळी नाजियानं थर्माकोलचा एक पांढरा डबा त्याच्या हवाली केला.

"हा फ्रिजमंदी ठेव. बर्फाच्या कप्प्यात नोको, खाली ठेव. मी मारोतकाकाच्या वावरात जाऊन येते."

"बिनधास्त जा ना ताई," कपिल म्हणाला.

कपिलच्या दुकानात फ्रिज नव्हता. काचेच्या झाकणाचा डीप फ्रीजर होता, त्याच्यात कुल्फी राहायची. पण बंगलोरवरून आलेल्या बाईला "आमच्याकडे फ्रिज नाही" असं सांगायचं म्हणजे दुकानाची इज्जत गेली. शिवाय त्याचा विचार अगदी सरळ होता. थंड चांगलं, तर जास्त थंड जास्त चांगलं. त्यानं कुल्फ्या बाजूला सारल्या, मधोमध जागा केली आणि डबा ठेवून झाकण लावलं.

दुपारून नाजिया आली, तेव्हा बाकावर रुक्माबाई मलाई कुल्फी खात बसल्या होत्या. कपिलनं बक्षीस द्यावं तसा दोन्ही हातांनी डबा पुढं केला.

"घ्या ताई. एकदम कडक."

नाजियानं झाकण काढलं. आतल्या पिशवीवर तिनं बोटानं टकटक केलं. ठक ठक असा आवाज आला. तिचा चेहराच उतरला.

"कपिल, हे काय करून ठेवलं बे?"

"थंड केलं."

"थंड नाही केलं, गोटा केला! खराब झालं ना पुरं."

"त्याच्यात काय ताई? उन्हात ठेवला की वितळते. कुल्फी नाही का आपली..."

"कुल्फी वितळल्यावर काय होते?"

"पाणी."

"मंग?"

 नाजियानं त्याला समजावलं, म्हणजे झापता झापता समजावलं. नस म्हणजे मेंदूचा हुकूम मांसापर्यंत नेणारी दोरी; खांद्यातल्या त्या नसेत बारीक बारीक नळ्या असतात, केसापेक्षा बारीक, आणि त्यांच्यात पाणी असतं. पाणी गोठलं की फुगतं, त्याच्या सुया होतात आणि नळ्या आतून फुटतात. वितळल्यावर नस दिसायला नसच दिसते, पण फुटक्या मडक्याची खापरं जागच्या जागी मांडून ठेवावी तशी.

"म्हणजे आता हे काहीच कामाचं नाही?"

"कुत्र्याले टाक."

इतका वेळ रुक्माबाई ऐकत होत्या. आता त्यांनी विचारलं, "कपिल, काय होय रे त्या डब्यात?"

"बकऱ्याचा खांदा, आजी. सायन्सचा हाये."

"कुल्फीच्या डब्यात? श्रावणात?"

रुक्माबाईंनी हातातल्या कुल्फीकडे पाहिलं. कुल्फी अर्धी पोटात गेलेली होती. उरलेली त्यांनी अलगद बाकावर ठेवली, जशी काही तिला लागेल, आणि घराकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक घरी बातमी पोचली. पोळा उलटून गेला तरी कपिलची एक कुल्फी खपली नाही. पण ते जाऊ द्या, त्याच्या नुकसानाची ही गोष्ट नाही.

एका बकऱ्याच्या खांद्यासाठी एवढी रडारड कायले, हे कळायचं असेल तर नाजिया कोण ते सांगावं लागते.

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद हायवेला लागून रहमत मेस्त्रीचं दुकान आहे. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते, तिला कमानी म्हणतात. गाडीचा सगळा भार ती झेलते. खड्डे खाऊन खाऊन पाटे सरळ होतात किंवा तुटतात; रहमतभाई ते भट्टीत तापवतात आणि ठोकून पुन्हा वाकात आणतात. नाजियाचं लहानपण या दुकानात गेलं. उलट्या टायरवर बसून तिनं पाढे पाठ केले, आणि तेही घणाच्या ठोक्यावर. शाळेत सत्तावीसचा पाढा म्हणताना ती मध्येच थांबायची, कारण तिथं अब्बा घाम पुसायला थांबायचे.

गाडी आली की रहमतभाई आधी खाली वाकून पाहात नसत. मागच्या बाजूनं चढून फळीवर एक उडी मारायचे आणि लगेच उतरून गाडीकडे पाहात उभे राहायचे.

"दबते किती, हे कोणीबी पाह्यते," ते पोरीला सांगायचे. "वापस कशी येते, ते पाह्य. झटक्यात आली का, डुलत आली, का आलीच नाही. बिमारी तेथी राह्यते."

पोरगी नागपूरला शिकून जनावरांची डॉक्टर झाली आणि सरकारी दवाखान्यावर तिची पहिली नेमणूक झाली मुकुटबनला. पहिल्या दिवशी एक जण गोऱ्हा घेऊन आला आणि तिला म्हणाला, "बाई, डॉक्टर कुठी गेले?"

"मीच हाये."

"तसं नाही, ढोराचे डॉक्टर."

"मीच हाये."

तो माणूस गोऱ्ह्याला घेऊन झाडाखाली जाऊन बसला आणि खरा डॉक्टर येण्याची वाट पाहू लागला. शेवटी मारोतराव तिकडून जात होते, त्यांनी त्याला हाकललं, "अबे, त्या गोऱ्ह्याले कळून राह्यलं, तुले कळत नाही? जाय आत." मारोतराव गावातले मोठे कास्तकार, कपाशी आणि तूर, घरचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर असून बैलजोडी ठेवलेला असा माणूस, त्यामुळं गाव त्यांना हसायचं. "ट्रॅक्टरच्या गळ्यात घंटी बांधता येत नाही," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. त्यांच्या घरी नाजियाचा चहा ठरून गेला, आणि त्यांच्या बायकोनं, बेबीताईनं, तिला लेकीसारखं रागवायला सुरुवात केली.

मग ती दोन गाईंची गोष्ट घडली. तांड्यावरच्या रुपीबाईची गाय व्याली, वासरू मोठं होतं, ओढून काढावं लागलं आणि गाईचे मागचे पाय गेले. हाड मोडलं नव्हतं, ताप नव्हता. वासरू बाहेर येताना आतली नस दबली होती. नाजियानं सलाईन दिली, इंजेक्शनं दिली आणि कूस बदलत राहा म्हणून सांगितलं. काही दिवसांनी गाय सकाळी आपोआप उठली आणि आधी रुपीबाईची मिरचीची रोपं खाऊन घेतली. त्याच हंगामात राजूरकडं दुसरी गाय अशीच बसली. तोच त्रास, तीच औषधं. मालक रोज फोन करायचा, "मॅडम, उठीन काय?" नाजिया रोज सांगायची, "उठीन." त्यानं चारा आणला, पाणी पाजलं, बायको-पोरांनी गायीची कूस बदलून बदलून हात सुजवून घेतले. गाय उठली नाही. तो माणूस भांडलाही नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, पयलेच सांगतलं असतं त जनावराचे हाल वाचले असते."

एक गाय उठली, दुसरी नाही. काहून? याचं उत्तर तिच्या एकाही पुस्तकात नव्हतं. नस किती दबली म्हणजे परत येते आणि किती दबली म्हणजे येत नाही? हा तर तिच्या बापाचाच सवाल होता, फक्त लोखंडाच्या जागी नस आली होती. नाजियानं सरकारी नोकरी सोडली आणि बंगलोरला शिकायला गेली. नसा आणि मेंदू किती मऊ, किती ताणतात, दाबल्यावर परत कशा येतात, हे मोजायचं तिथं एक वेगळं शास्त्रच आहे. मेंदू खरवसापेक्षाही मऊ असतो, आणि नस त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट, हे कपिलला तिच्याकडूनच कळलं. तेव्हापासून खरवस खाताना त्याचं मन दुसरीकडेच असतं.

आयशाबी, म्हणजे तिची अम्मी, पहिल्यांदा खूश झाली. पोरीचं शेणात हात घालायचं सुटलं, याचंच तिला समाधान. पहिल्याच सुट्टीत नाजियानं घरच्या फ्रिजात बकऱ्याची मुंडी आणून ठेवली, तेव्हा ते समाधान संपलं. पण खरी पंचाईत झाली रहमतभाईंची. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक विचारायचे.

"पोरगी काय करून राह्यली, मेस्त्री?"

"नसा तपासते."

"कोणाच्या?"

"बकऱ्याच्या."

"बकऱ्याले काय झालं?"

"काही नाही. तो मेला राह्यते."

"मंग इलाज कोणाचा करते?"

याच्यावर रहमतभाई बरेच दिवस चहाचे पैसे देऊन उठायचे. मग एक दिवस जवाब सुचला. "मी गाडीचे पाटे पाह्यतो, ते नसेचे पाटे पाह्यते. मेस्त्रीची पोरगी मेस्त्री निघाली, बस." तेव्हापासून पांढरकवड्यापासून मुकुटबनपर्यंत डॉक्टर नाजियाचं नाव नसांची मेस्त्री पडलं, आणि तिला ते पीएचडीपेक्षा जास्त आवडलं.

तर ही मेस्त्री यंदा श्रावणात सुट्टी काढून आली ती बेबीताईच्या फोनमुळं. मारोतरावांच्या जोडीतला चांद्या बिघडला होता. कपाशीच्या पऱ्हाटीला खत घेऊन जाताना बैलाची बंडी चिखलात फसली. चांद्यानं जीव खाऊन ओढली, जू सरकलं आणि सगळा भार त्याच्या डाव्या खांद्याच्या पुढच्या कडेवर आला. बंडी निघाली, पण बैलाचा खांदा गेला. चालताना सांधा बाहेर फेकायचा, आणि खांद्यावरचं मांस वाळत वाळत तिथं ओंजळभर खड्डा पडला. त्या कडेवरून एक नस हाडाला वळसा घालून जाते. नेमकी तिथंच ती हाडाला चिकटून असते, म्हणून तिथंच चिरडते. चिरडली असेल तर हळूहळू परत येते. तुटली असेल तर विषय संपला.

मारोतरावांनी बैलांचा व्यापारी देवीलाल याला शब्द देऊन ठेवला होता: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ये. बैल द्यायचा किंवा ठेवायचा, काय ते तेव्हा सांगतो. एका बैलाला वर्षभर बसवून खायला घालायचं तर जोडीला दुसरा आणावा लागणार, आणि गोठ्यात तिसऱ्याला जागा नाही. बेबीताईचं म्हणणं, चांद्या जाणार नाही. मारोतरावांचं म्हणणं, डॉक्टर सांगेल तसं.

सगळं येऊन पडलं नाजियावर. आणि तिच्या कानात राजूरचा तो माणूस बसलेला होता.

तिच्याकडे मशीन होतं, शिवणयंत्राच्या डब्याएवढं. कातड्यावर टेकवलं की बारीक थरथर आत सोडायचं आणि ती थरथर नसेतून किती जोरात पळते त्यावरून नस मऊ आहे की ताठरली, आणि कुठं तुटली आहे का, हे पडद्यावर दाखवायचं. पण ते आलं होतं बंगलोरवरून रेल्वेनं, नागपूरवरून एसटीनं, आणि पांढरकवड्यावरून रहमतभाईंच्या स्कूटरवर. प्रवासानं मशीन बिघडलं का नाही, हे आधी एका ताज्या, चांगल्या नसेवर पाहायचं असतं. म्हणून तो खांदा. आणि श्रावणात खांदा मिळणं काय चीज आहे, हे नाजियाचा मामेभाऊ तनवीर याला विचारा. त्याचं गावातच मटणाचं दुकान आहे.

"तनवीरभाई, आणखी एक खांदा भेटन काय?" तिनं त्याच संध्याकाळी विचारलं.

"आता करीले. पुऱ्या श्रावणात जुम्म्याच्या जुम्म्याले एकच बकरा कापून राह्यलो. त्याच्यातला खांदा तुले देल्ला, त्याच्यावर तुही मामी नाराज हाये. बाकीचा खाऊन बी झाला."

"करीले त देवीलाल बैल घेऊन जाईन."

"मंग कुल्फीवाल्याले विचार ना," तनवीर म्हणाला. "त्याच्यापाशी मटण कुल्फी हाये म्हणते."

दुसरा दिवस खांदशेकणीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नदीवर नेऊन आंघोळ घालतात, आणि वर्षभर ज्या खांद्यावर जू वागवलं, तो खांदा तूप-हळदीनं शेकतात. तूप कोमट करायचं, पळसाच्या पानानं खांद्याला लावायचं, चोळायचं, आणि मग बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मारोतरावांच्या अंगणात दोन्ही बैल उभे होते. चांद्याचा जोडीदार मोऱ्या सारखा तुपाच्या वाटीकडे पाहात होता. बेबीताईनं त्याला आवतण दिलं, चांद्याला दिलं, मग नाजियाकडे वळल्या.

"अन् तुलेबी. उद्या पुरणपोळी खायले येजो."

"बैलाच्या लायनीत मलेबी उभी केली काय काकू?"

"त्याईनं वर्षभर काम केलं. तू काय केलं ते आज दाखव."

कपिल हजर होताच. दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि तोंड दाखवायला दुसरी जागा नाही. नाजियानं त्याला गोठ्याच्या खांबाशी उभा केला आणि "हात नोको लावू कशाले" एवढीच सूचना दिली.

बेबीताई चांद्याचा डावा खांदा चोळू लागल्या. खड्डा पाहून त्यांचा हात आपोआप हलका झाला. मग त्या अंगठ्यानं खांद्याच्या पुढच्या कडेला, हाडाच्या वळणावर, जिथं जू बसलं होतं तिथं दाबत गेल्या. नाजियाचा तळहात सहजच खड्ड्यावर टेकलेला होता. तिनं एकदम हात काढला, पुन्हा ठेवला.

"काकू, आता दाबलं तसंच दाबा."

"काहून? दुखलं काय त्याले?"

"दाबा ना."

बेबीताईनं दाबलं. खड्ड्याच्या तळाशी काहीतरी फडकलं.

"थरारला!" मारोतराव ओरडले.

"माशी बसली असन," कपिल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की चांद्याला सोडून आधी त्यालाच करीला देवीलालच्या हवाली करावं. पण नाजियानं मान हलवली.

"बरोबर बोलला तो. माशी बसली की बैल वरचं कातडं हलवते. ते थरथरणं वेगळं. मले पाह्यजे खालचं मांस." तिनं कपिलच्या हातात पळसाची डहाळी दिली. "एकबी माशी बसली नाही पाह्यजे. बसली त तुह्या कुल्फीचं मी पांढरकवड्यातबी सांगीन."

कपिलनं आयुष्यात इतका जीव लावून कुणाला वारा घातला नसेल. माश्या चांद्याला सोडून त्याच्याच अंगावर बसू लागल्या. नाजियानं एक हात खड्ड्यावर सपाट ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटानं हाडाच्या कडेच्या जरा अलीकडं, मानेच्या बाजूनं, टिचकी मारली. थांबली. कातडं अगदी शांत होतं. पुन्हा टिचकी. तळहाताखाली, खोलवर, मांसाची एक बारीक दोरी ओढल्यासारखी झाली आणि सैल पडली. पुन्हा टिचकी. पुन्हा.

चिरडलेल्या जागेच्या अलीकडून टिचकी मारली आणि पलीकडचं मांस हललं. म्हणजे मधली वाट बंद नव्हती. निदान थोडी तरी नस जिवंत होती.

"मशीन लावते," ती म्हणाली. हे तिनं स्वतःलाच सांगितलं, कारण तिला आनंद होऊ लागला होता, आणि राजूरपासून तिचा आनंदावर विश्वास उरला नव्हता.

मशीन लावायचं तर कातडं आणि मशीनच्या मध्ये जेल लागतं, नाही तर थरथर आत जात नाही. जेलची ट्यूब होती त्या थर्माकोलच्या डब्यात. तिचीही कुल्फी झाली होती आणि वितळल्यावर नुसतं पाणी. नाजियानं तिच्याकडे पाहिलं, मग कपिलकडे पाहिलं. कपिल माश्या हाकलण्यात फारच गुंतला होता.

"ते तूप द्या इकडं, काकू."

"मशीनले लावतं काय?"

"मशीनले कोणी आवतण नाही देल्लं ना, म्हणून."

मारोतरावांच्या घरचं तूप, वर हळद, आणि त्यावर बंगलोरचं मशीन. पडदा पिवळसर दिसत होता, पण दिसत होता. मशीन पारखून घेता आलं नव्हतं, म्हणजे आकड्यावर भरवसा नाही. मग तिनं आधी चांद्याचा उजवा, चांगला खांदा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मारोतरावांना तिनं समजावलं, "तराजू खोटा असला तरी दोन वांग्यांतलं जड कोणतं, हे त कळते ना काका? तसं. आकडा चुकीचा राहो, फरक खरा राह्यते."

उजव्या खांद्याची नस मऊ होती. डावी हाडाच्या वळणावर ताठरली होती, सुजून जाड झाली होती. पण वळणाच्या अलीकडं आणि पलीकडं ती सलग होती. दोरी चेंगरली होती, तुटली नव्हती. नाजियानं मशीन सरकवत सरकवत ती दोनदा, तीनदा पाहिली. मग जिथं बेबीताईचा अंगठा होता तिथं आपला अंगठा ठेवला आणि हळूच दाबून सोडला. पडद्यावर नस दबली, आणि सावकाश, जुन्या गाडीसारखी डुलत, परत आली.

 मारोतराव कासऱ्याशी चाळा करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, आणि विचारलं नेमकं तेच, ज्याची नाजियाला भीती होती.

"डॉक्टर बाई, येईन काय हा पुन्हा जुवाडीले, जू ओढाले?"

राजूरनंतर तिनं कोणत्याही जनावराबद्दल "होईल", "उठेल" असं म्हटलं नव्हतं. "पाहू", "सांगता येत नाही", "शक्यता आहे", असलीच वाक्यं ती बोलायची. बंगलोरला तर अशाच वाक्यांना शाबासकी मिळते. तिनं एकदा चांद्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदाकडे पाहिलं.

"येईन, काका. लवकर नाही. यंदा त्याच्या खांद्यावर काही ठेवू नोका, रोज चालवा, रोज शेका. पण येईन. नस तुटली नाही."

बेबीताई तुपाच्या हातानंच तिच्या गालावर हात फिरवून मोकळ्या झाल्या. मारोतराव एकदम गोठ्यात गेले, काहीतरी शोधायचं निमित्त करून, आणि बराच वेळ त्यांना ते सापडलं नाही. कपिल डहाळी घेऊन तसाच उभा होता.

"ठेव आता खाली," नाजिया म्हणाली. "माशी एकबी नाही."

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. चांद्या खांदा फेकत चालत आला आणि मोऱ्याच्या शेजारी, नेहमीच्या जागी उभा राहिला. रहमतभाई खास पांढरकवड्यावरून आले होते. त्यांनी चांद्याला चारी बाजूंनी पाहिलं, जशी गाडी पाहतात.

"वापस येते?" त्यांनी पोरीला विचारलं.

"येते, अब्बा. डुलत येते."

"मंग झालं." त्यांनी शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसलं. "ते मह्यी पोरगी होय. नसांची मेस्त्री." त्या माणसानं विचारलं नव्हतं.

करीच्या दिवशी देवीलाल बैल न्यायला आला. मारोतरावांनी यंदाचं काम ट्रॅक्टरवर भागवायचं ठरवलं होतं; त्यांनी त्याला जेवायला बसवलं आणि नकार मटणाबरोबर वाढला.

"एका लंगड्या बैलासाठी मले तांड्यावरून बोलावलं?" देवीलाल हाड चोखत म्हणाला.

"बैलासाठी नाही, जेवासाठी बोलावलं. बैल त निमित्त होय."

"मंग दरवर्षी बोलावत जा ना, निमित्त मी आणतो."

नाजिया सुट्टी संपवून गेली. कपाशी वेचणीला आली तेव्हा चांद्याच्या खांद्यावरचा खड्डा ओंजळभराचा भरत भरत पसाभर उरला होता. संक्रांतीच्या सुमारास मारोतरावांनी त्याला मोऱ्याबरोबर रिकाम्या बंडीला जुंपलं आणि गावातून फिरवून आणलं. चांद्या सरळ चालला. बेबीताई बंडीत बसून आल्या. का, तर बंडी अगदीच रिकामी बरी दिसत नाही. रुक्माबाई दारात उभ्या राहून पाहात होत्या. कपिलनं याचा व्हिडिओ काढला आणि बंगलोरला पाठवला.

नाजियानं तो किती वेळा पाहिला माहीत नाही, पण उत्तर यायला संध्याकाळ झाली. लिहिलं होतं, "खांदा पाह्यला. लय छान. मह्या खांद्याचं काय?"

कारण फ्रीजरमधल्या त्या खांद्याच्या बदल्यात एक ताजा खांदा, नसेसकट, भरून द्यायचं कपिलनं तेव्हाच कबूल केलं होतं. तो अजून दिलेला नाही. करीला तनवीरकडे अख्खं गाव रांगेत होतं, एक खुरसुद्धा हाती लागला नाही. त्यानंतर ती आली ईदेला, तेव्हा तर खांदे पाहुण्यांनीच वाटून घेतले. तनवीर म्हणतो, "तुले आपण देत नाही बे, तू कुल्फी करतो."

मात्र कपिलनं एक काम केलं. जुन्या बाजारातून एक फ्रिज आणला, छोटा, दार जरा जोरात लावावं लागतं असा, आणि तो डीप फ्रीजरच्या शेजारी ठेवला. त्यात तो पाण्याच्या बाटल्या ठेवतो, दही ठेवतो. खालचा कप्पा रिकामा असतो. गिऱ्हाईक विचारतं, "इथी काहून काही ठेवत नाही?" कपिल सांगतो, "तो कप्पा डॉक्टर ताईचा बुक हाये." रुक्माबाई आता पुन्हा कुल्फी खायला येतात, पण आधी वाकून तो कप्पा पाहून घेतात.